बाबा, विमानालाही चार्ट असतो

मास्ट्रिख्ट, 18 जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "तिथे तुमच्या गाड्यांना सिग्नल कोण देतं गं?" तेवढ्यात आईने भरताची वांगी दाखवायला फोन पळवला आणि विषय तिथेच राहिला. कानाचं मशीन तुम्ही लावत नाही, तेव्हा लिहूनच कळवते.

इथलं युरोकंट्रोलचं, म्हणजे युरोपातल्या विमानांची वाहतूक बघणाऱ्या संस्थेचं, केंद्र बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग आणि जर्मनीचा वायव्य भाग एवढ्या मुलखावरचं 24,500 फुटांच्या वरचं आकाश सांभाळतं. तुम्ही रेल्वेत कंट्रोलर असताना सांभाळायचात तसं, चार देशांचं मिळून एक सेक्शन समजा. मी कंट्रोलर नाही हं, शेजारी तसं सांगत फिरू नका. त्यांच्या स्क्रीनमागच्या सॉफ्टवेअरची तपासणी करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत आहे.

सिग्नलचा खांब इथे नाही. दोन विमानांमध्ये आडवं 5 नॉटिकल मैल नाहीतर उभं 1,000 फूट अंतर राहिलं पाहिजे, आणि विमान काही गाडीसारखं स्टेशनाबाहेर आऊटर सिग्नलला उभं करून ठेवता येत नाही. म्हणून वीस मिनिटांनी कोण कुठे असेल, हे आत्ताच काढावं लागतं. म्हणजे तुमचंच काम. डबा द्यायला कंट्रोल ऑफिसात यायचे तेव्हा बघायचे ना मी, एका बाजूला मनमाडपर्यंतची स्टेशनं, दुसऱ्या बाजूला तास, आणि मधून तुमच्या पेन्सिलीच्या तिरक्या रेषा. पुढची रेषा फिकट ओढायच्या आधी तुम्ही फोनवर हमखास विचारायचात, "लोडेड आहे की एम्टी?"

नेमकं हेच इथल्या जमिनीवरच्या कॉम्प्युटरला माहीत नसतं. लांबच्या प्रवासाला तुडुंब इंधन भरून निघालेलं विमान सावकाश चढतं, त्याच बनावटीचं हलकं विमान सरसर वर जातं. उतरायला कुठून सुरुवात करायची, तो बिंदूही वजनावर, वाऱ्यावर आणि कंपनीला वेळ वाचवायचाय की इंधन, यावर ठरतो. हा सगळा हिशेब विमानातल्या कॉम्प्युटरकडे पक्का असतो, खालचा मात्र अंदाज बांधतो. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. एकाच गाडीचे दोन चार्ट, आणि एकाने दुसऱ्याचा कधी पाहिलेला नाही!

आता नव्या धाटणीची विमानं आपला चार्ट खाली पाठवतात. पुढचे 128 पर्यंत बिंदू, कुठे, किती उंचीवर, किती वाजता. 10 फेब्रुवारी 2012 ला एअरबसचं चाचणीचं ए-320 तुलूझहून कोपनहेगनमार्गे स्टॉकहोमला गेलं, ते यासाठीच, आणि आमचं केंद्र त्या चाचणीत होतं. जुन्या विमानांत ही सोय नाही, त्यामुळे स्क्रीनवर एक रेषा विमानाच्या तोंडची आणि शेजारची अंदाजाची, असा मिश्र कारभार आहे.

मी तपासते तो भाग छोटासाच. खालच्या नोंदीत विमान एका बिंदूवरून जायचंय आणि वरच्या कॉम्प्युटरमध्ये भलताच बिंदू भरलेला असला, तर स्क्रीनवर त्या विमानाच्या लेबलपाशी खूण उमटते. कंट्रोलर वेळेवर विचारू शकतो. आधी हे विमान वळल्यावरच कळायचं, म्हणजे गाडी बाजूच्या लूप लाईनला शिरल्यावर समजावं की काटा चुकीचा लागलाय. मला विचाराल तर या सगळ्या खटाटोपात हीच खूण सगळ्यात मोलाची. इंधन वाचतं वगैरे ठीक आहे.

तुम्ही आता प्रायव्हेट नंबरचं, म्हणजे फोनवरच्या निरोपाच्या खात्रीसाठी द्यायच्या त्या आकड्याचं विचारणार. नुसत्या आवाजावर लाईन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायची परवानगी, घ्यायची नाही, हे स्टेशन मास्तर असल्यापासून तुमचं ठरलेलं. इथे हुकूम लेखी संदेशानेही जातो. वैमानिक कॉकपिटमधल्या पडद्यावर वाचतो आणि "विल्को" पाठवतो, म्हणजे समजलं, करतो. जमत नसेल तर "अनेबल". 5 फेब्रुवारी 2020 पासून युरोपात 28,500 फुटांच्या वर जाणाऱ्या बहुतेक विमानांना ही सोय सक्तीची आहे. घाईच्या वेळी मात्र अजूनही रेडिओच.

एक गोष्ट आईला वाचून दाखवू नका. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीत युबरलिंगेनवर दोन विमानं एकमेकांच्या वाटेत आली. रशियन विमानातलं टक्कर टाळायचं यंत्र म्हणालं "वर जा", जमिनीवरचा कंट्रोलर म्हणाला "खाली या". वैमानिकांनी माणसाचं ऐकलं. दुसऱ्या, मालवाहू विमानाचं यंत्र त्याला खालीच नेत होतं. एकाहत्तर माणसं गेली, त्यात बरीचशी शाळकरी मुलं. यंत्राने वर काय सांगितलंय, हे खालच्या स्क्रीनवर दिसतच नव्हतं. कामावर लागले तेव्हा हे वाचलं आणि त्या रात्री तुम्हाला उगाचच फोन केला होता. आठवतंय? तुम्ही विचारत होतात, "पैसे हवेत का?"

फेब्रुवारीत येतेय. माळ्यावरच्या ट्रंकेत तुमच्या चार्टची गुंडाळी आहे, उंदरांनी सोडली असेल तर काढून ठेवा. इथल्या एका बेल्जियन सहकाऱ्याचा विश्वासच बसत नाही की चाळीस-चाळीस गाड्या पेन्सिलीवर चालायच्या. चाळीसगावला मालगाडी लूपला घेतलेली एखादी रेषा त्याला दाखवायचीय.

आणि मशीन कानाला लावा. भरताची वांगी संपवू नका म्हणावं आईला.

तुमची,
ताई