सहकर्जदाराच्या रकान्यात कोणाचे नाव लिहू? : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. श्रीमती निर्मला सीतारामन,
केंद्रीय अर्थमंत्री, नवी दिल्ली.

विषय : शैक्षणिक कर्जासाठी पालकांच्या सहीची अट आणि घर सुटलेले क्विअर (समलिंगी, ट्रान्स इत्यादी) विद्यार्थी

महोदया,

नोव्हेंबर 2024 मध्ये मंत्रिमंडळाने शैक्षणिक कर्जाची पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली, तेव्हा तारण नको आणि जामीनदारही नको, हे वाचून मला हायसे वाटले होते. माझे एका मुलीवर प्रेम आहे हे घरी कळल्यावर वयाच्या 22व्या वर्षी मी दोन बॅगा घेऊन बाहेर पडले. तारण ठेवण्याजोगे त्या बॅगांत काही नव्हते.

प्रवेशपत्र घेऊन बँकेत गेले तेव्हा समजले, की जामीनदार लागत नसला तरी सहकर्जदार लागतो आणि तो आई, वडील किंवा पालकच असावा लागतो. माझ्यासोबत माझी जोडीदार आली होती. तीन वर्षांचे फॉर्म 16 आणि पगाराच्या पावत्या तिने तारीखवार लावून आणल्या होत्या. अधिकाऱ्यांनी त्या नीट पाहिल्या आणि विचारले, “नाते काय लिहू?” उत्तर ऐकून त्यांनी फाइल मिटून परत दिली. “वडिलांना एकदा घेऊन या, मग बघू,” असे ते म्हणाले, आणि तेही सौजन्याने. माझे वडील माझा फोन उचलत नाहीत.

इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत विवाहित विद्यार्थ्याला पती किंवा पत्नी, इतकेच काय सासू-सासरेही सहकर्जदार म्हणून चालतात. म्हणजे जन्मघराबाहेरची सही बँकांना वर्ज्य नाही; मात्र तिथवर जाण्याची वाट लग्नातून जाते आणि समलिंगी विवाहाला मान्यता नाकारणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या 17 ऑक्टोबर 2023च्या निकालानंतर ती आमच्यासाठी बंद आहे. दुसरीकडे, आपल्याच मंत्रालयाच्या वित्तीय सेवा विभागाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले, की क्विअर व्यक्तींना संयुक्त खाते उघडण्यास आणि जोडीदाराला खात्यावर नॉमिनी (नामनिर्देशित व्यक्ती) म्हणून नेमण्यास कोणतीही आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातले मानावे, असेही केंद्राने राज्यांना कळवले आहे. रेशनच्या तांदळापुरते आम्ही एक घर आहोत आणि कर्जाच्या अर्जावर परक्या, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही.

व्याजसवलतीचेही तसेच. ती कुटुंबाच्या 8 लाखांपर्यंतच्या वार्षिक उत्पन्नावर ठरते, त्यामुळे ज्यांनी मला एक रुपयाही द्यायचा नाही असे ठरवले आहे, त्यांच्या पगारामुळे मी सधन ठरते. नाव आणि लिंग बदललेल्या ट्रान्स विद्यार्थ्यांना तर त्याच वडिलांकडून जुन्या नावाचे कागद मागून आणावे लागतात.

कर्ज देणाऱ्याला परतफेडीची खात्री हवी, हे मला मान्य आहे. ती खात्री पगारातून आणि कर्जफेडीच्या नोंदीतून मिळते, रक्ताच्या नात्यातून नव्हे. म्हणून ज्याची परतफेडीची क्षमता तपासता येते अशी कोणतीही प्रौढ व्यक्ती सहकर्जदार म्हणून स्वीकारावी, असे परिपत्रक आपल्या विभागाने बँकांना काढावे. आणि आई-वडिलांनी संबंध तोडल्याचे प्रतिज्ञापत्र देणाऱ्या सज्ञान विद्यार्थ्याचे उत्पन्न स्वतंत्र धरावे, ही विनंती. घर तुटलेल्या इतर मुलामुलींनाही याचा उपयोग होईल.

माझ्या शुल्काचा पहिला हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा आहे. फाइल तयार आहे.

आपली,
एक विद्यार्थिनी, पुणे