‘अनुशासन’ या शब्दाबद्दल, सुधीरला

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर तू म्हणालास, “काही म्हण, आणीबाणीत गाड्या वेळेवर धावायच्या.” तेव्हा मी गप्प बसलो, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. अरे, गाडी उशिरा आली तरी ते छापणार कोण होतं? बातमी आधी सेन्सॉरकडे जायची. २५ जून १९७५ च्या रात्री तर दिल्लीतल्या वर्तमानपत्रांची वीजच तोडली होती.

बाबा तेव्हा ‘मिसा’खाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबणाऱ्या कायद्याखाली, आत होते. काल आईच्या ट्रंकेतून त्यांचं एक कार्ड काढलं. जांभळा शिक्का, आणि मधल्या दोन ओळींवर काळी शाई फासलेली. उजेडासमोर धरलं तरी अक्षर लागत नाही. खाली एवढंच: ‘प्रकृती उत्तम. काळजी नसावी.’

मी चौथीत होतो. शाळेत कुणी विचारलं तर ‘बाबा बाहेरगावी गेलेत’ असं सांगायचं, ही आईची ताकीद. घरातसुद्धा ‘तुरुंग’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. सरकारने आम्हाला तसं सांगितलं नव्हतं रे, आम्हीच तो शब्द गिळला होता.

आणि बाहेर भिंतीभिंतींवर काय, तर ‘अनुशासन पर्व’! शब्द विनोबा भाव्यांचा. पवनारच्या आश्रमात ते वर्षभराच्या मौनात होते. त्यांनी लिहून दिलेले दोन शब्द सत्तेने उचलले आणि आणीबाणीला चिकटवले. २५ डिसेंबरला मौन सुटल्यावर त्यांनी उलगडून सांगितलं, की अनुशासन आचार्यांचं असतं, सत्ताधाऱ्यांचं असतं ते शासन. तो खुलासा कुठल्या भिंतीवर लागणार? महाभारतातल्या अनुशासन पर्वात शरपंजरी पडलेले भीष्म बोलतात आणि राजा युधिष्ठिर ऐकतो. इथे राजाच बोलत होता, आणि भीष्मासारखी माणसं कोठडीत होती. कोर्टाचं दारही बंद: एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध १ असा निकाल दिला, की स्थानबद्धाला सुटकेसाठी दाद मागता येणार नाही. विरोधात एकटे न्या. खन्ना.

१९७५ च्या त्याच डिसेंबरात कराडला साहित्य संमेलन झालं. स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, केंद्रातले मंत्री. अध्यक्षा दुर्गाबाई भागवत. आणीबाणीत अटक झालेल्या जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला त्यांनी सगळ्या मंडपाला उभं केलं. त्या मंडपात आमचे मामा होते. परत आल्यावर त्यांनी ते आईला सांगितलं, तेही हळू आवाजातच.

दुसऱ्या दिवशी नळावर शेजारच्या काकूंनी नेहमीसारखं विचारलं, “अजून बाहेरगावीच का?” आईने भरलेली कळशी खाली ठेवली. “नाही,” ती म्हणाली, “तुरुंगात आहेत.”

तुझा,
अनिल