बाबांच्या गिंकोच्या कॅप्सूल

प्रिय आई-बाबा,

आई, तू विचारलंस ना की बाबांना हल्ली विसरायला होतं तर गिंको नावाच्या झाडाच्या पानांच्या कॅप्सूल चालू करू का, फोनवर धड बोलणं झालं नाही म्हणून लिहितेय. आधीच सांगते, नको.

पानात काही दम नाही असं नाही हं. आमच्या लॅबमध्ये झाडपाल्याचंच काम चालतं, सुकलेल्या पानांची पूड अल्कोहोलमध्ये भिजवायची, गाळून आटवायची आणि तो काळपट हिरवा चिकट अर्क सिलिकाची पूड भरलेल्या उभ्या नळीतून (कॉलममधून) सोडून एकेक घटक सुटा करायचा. गिंकोत क्वर्सेटिन, केम्फेरॉल वगैरे अँटिऑक्सिडंटची, म्हणजे पेशींना इजा करणाऱ्या रेणूंना निकामी करणाऱ्या पदार्थांची संयुगं मिळतात. डीपीपीएच नावाच्या चाचणीच्या रसायनाच्या गडद जांभळ्या द्रावणात असला अँटिऑक्सिडंट टाकला की जांभळा रंग हळूहळू उडतो आणि पिवळट दिसायला लागतो, मला अजूनही ते बघत बसावंसं वाटतं. पण हे झालं काचेच्या नळीत. पोटात गेल्यावर त्यातलं थोडंच रक्तात उतरतं, आणि तेही आतडं आणि यकृत मिळून पार बदलून टाकतात.

आणि माणसांवर करून बघितलंय की! अमेरिकेत ७५ च्या पुढच्या ३०६९ लोकांपैकी निम्म्यांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम गिंकोचा अर्क दिला, बाकीच्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, साधारण सहा वर्षं. २००८ ला निकाल आला, डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, काही कमी झाला नाही.

बाबा, मला खरी भीती वेगळीच आहे. तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे आणि गिंकोतलं गिंकोलाइड बी हे द्रव्य प्लेटलेट्सच्या, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशींच्या, कामात आड येतं, दोन्ही एकत्र घेतलं तर रक्तस्राव व्हायचा धोका वाढू शकतो. नॅचरल आहे म्हणून डॉक्टरांना सांगायचं राहून जातं, तसं करू नका प्लीज. आणि कोणी पानंच आणून दिली तर काढा पण नको, कच्च्या पानात गिंकोलिक ॲसिड असतं जे चांगल्या अर्कातून मुद्दाम काढून टाकतात.

विसरण्याचं मात्र अंगावर काढू नका. बी१२, थायरॉइड तपासून घ्या, कानही दाखवा, नीट ऐकूच आलं नाही तर लक्षात कसं राहणार. आई, डॉक्टरांकडे जाताना सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून ने आणि रिपोर्ट आले की लगेच फोटो पाठव.

तुमची,
ताई