मनसरचे काका, तुम्ही डाव्या बाजूनं चाललात

काका, नमस्कार. तुमचं नाव लिहीत नाही, आवडणार नाही तुम्हाला, पण तुमच्या ओळखीतलं कोणी वाचलं तर नक्की दाखवेल म्हणून इथं लिहितेय.

त्या रविवारी नागपूरहून आम्ही चौघी मैत्रिणी मनसरची मॅंगनीजची खदान पाहायला आलो होतो. परवानगी कशी मिळाली ते जाऊ द्या. आमच्यातली एक शाळेत केमिस्ट्री शिकवते, लहानपणी पोलिओ झाला, डाव्या पायाला कॅलिपर आहे. इतकी वर्षं ती पोरांना टॉर्चचा जुना सेल फोडून आतली काळी भुकटी दाखवते, हे मॅंगनीज डायऑक्साइड म्हणून, पण घरापासून तासाभरावरची खदान तिनं कधी पाहिली नव्हती. का नव्हती पाहिली ते ऐका. मागच्या हिवाळ्यात एका सहलवाल्यासोबत किल्ल्यावर गेलो, पैसे चौघींचे पूर्ण घेतले आणि पायथ्याशी पोचल्यावर म्हणतो, ताई तुम्ही गाडीतच बसा, फोटो पाठवतो. त्याच्याही आधी एका ठिकाणी दोन पोरांनी न विचारता तिला खुर्चीसकट उचललं आणि तिसरा फोटो काढत होता. घरी जाईपर्यंत ती एक शब्द बोलली नव्हती. त्यामुळे मनसरला येतानाही ती म्हणाली होती, मी गेटवर थांबते, तुम्ही या पाहून.

आणि तुम्ही भेटलात. रिटायर झालेले, सुट्टीचा दिवस, तरी आलात. हेल्मेट घालून जुन्या उघड्या खदानीकडे निघालो, ती मुरमाची उतरती वाट पाहून आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो आणि तुम्ही सरळ तिलाच विचारलं, "ताई, कोन्त्या बाजूनं चालू मी?"

बस एवढंच. जमेल का नाही विचारलं, हातही धरला नाही. ती म्हणाली डाव्या, तर तुम्ही डाव्या बाजूनं, उताराकडे अर्धं पाऊल खाली राहून चाललात, म्हणजे तोल गेलाच तर तुमचा खांदा बरोबर तिच्या हाताशी. पूर्ण वाटेत तिनं दोनदाच हात ठेवला, मी मागून पाहत होते. माझ्या डोळ्यात पाणी आलं होतं काका, तेव्हा सांगितलं नाही.

काठाशी पोचल्यावर तुम्ही मुठीएवढा काळा धोंडा तिच्या हातात दिला, "पाहा बरं किती जड हाय!" खरंच एवढासा दगड पण हात खाली गेला तिचा. मग तुम्ही सांगितलं, "माही माय इथंच टोपल्यानं धोंडे वाहे, मी तिच्यामागं हिंडो." 1896 पासून इंग्रजांची कंपनी या भागातलं मॅंगनीज काढत होती, 1962 साली आपल्या सरकारनं त्यातून मॉइल ही मॅंगनीज काढणारी कंपनी उभी केली, हे आम्ही वाचून आलो होतो, पण त्या वाचण्यात तुमची माय कुठंच नव्हती. तिकडून आमची मॅडम पण सुरू झाली, इथल्या एका खडकाला 1909 साली फर्मर नावाच्या भूवैज्ञानिकानं गोंड लोकांवरून गोंडाइट नाव दिलं, आणि मॅंगनीजशिवाय पोलाद होत नाही, तुम्ही मान हलवत ऐकत होता जणू पहिल्यांदाच ऐकताय. चाळीस वर्षं खदानीत काढलेला माणूस! एवढी अदब मी मोठ्या मोठ्या शिकलेल्यांत नाही पाहिली. समोरच्याला काय हवं ते त्यालाच विचारायचं, हे लोकांना इतकं जड का जातं मला खरंच कळत नाही, पैसे लागत नाहीत, मशीन लागत नाही.

परतताना रामटेकच्या फाट्यावर चहाला थांबलो तर तिचे तळवे काळे कुळकुळीत, मी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाली राहू दे, उद्या पोरांना दाखवते. आणि खरंच दाखवले हो काका, रात्रभर हात धुतले नाहीत बाईनं, चमच्यानं जेवली.

आता तिला मनसरची हिडिंबा टेकडी चढायची आहे, वाकाटकांच्या काळातले अवशेष पाहायचे म्हणते. स्वतःहून म्हणते काका, आम्ही कोणी विषय काढला नव्हता. दिवाळीनंतर येतोय, तुम्हाला वेळ असेल तर या. डावी बाजू तुमच्यासाठी ठेवलीये.