सायकली गावात, जाहिरात मोबाइलवर

मा. संपादक,
स. न.

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसाठी निधी जमवायला आमच्या भागात नुकतीच सायकल फेरी निघाली. ‘ग्रामीण भागातून अल्प प्रतिसाद’ अशी बातमी आपल्या अंकात वाचली. बातमी खरी आहे, पण प्रतिसाद अल्प का, ते त्यात नाही. मी नागभीड तालुक्यात सायकल दुरुस्तीचं दुकान चालवतो, म्हणून लिहितो.

फेरीची जाहिरात इन्स्टाग्रामवर होती. घाटातून सुसाट उतरणारी गिअरची सायकल, हेल्मेट, काळा गॉगल. खाली गुगल फॉर्म आणि पाचशे रुपये नोंदणी, त्यात टी-शर्ट आणि मेडल. माझ्या दुकानासमोरून शाळेच्या वेळेला जातात त्या सायकली वेगळ्या. सरकारच्या मानव विकास योजनेतून पोरींना मिळालेल्या, पुढे जाळीची टोपली, मागे कॅरिअरवर मैत्रीण, आणि अर्ध्याअधिक जणींचे ब्रेक सैल. चार-चार किलोमीटरवरून उन्हापावसात रोज येणाऱ्या या पोरी आयोजकांच्या लेखी सायकलस्वार नाहीत काय? आणि आपल्याच सायकलवर बसायला पाचशे रुपये कोणता बाप देईल? १९८५ साली कन्याकुमारीपासून काश्मीरपर्यंत तरुणांची सायकल यात्रा काढणारे बाबा आमटे याच चंद्रपूर जिल्ह्यातले. इथं सायकल चालवणारे मिळत नाहीत, हे मला पटत नाही.

जाहिरात कशी करावी, ते आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या पट्ट्यात, कोणीही सांगेल. दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावची जत्रा, शंकरपट म्हणजे बैलांची शर्यत, आणि रात्री नाटक. मंडळाचे पोट्टे गाडीवर भोंगा बांधून आजूबाजूची गावं पालथी घालतात, पानठेल्यावर पोस्टर चिकटवतात, घरोघरून पाहुण्यांना निरोप जातात. लोक तिकीट काढून, घोंगडं पांघरून रात्रभर बसतात. त्यांना कोणी लिंक पाठवलेली नसते. फेरीचा भोंगा आठवडी बाजारात एकदा जरी फिरला असता! शाळेचा परिपाठ, बचत गटाची बैठक, कोतवालाची दवंडी यांना तर पैसाही लागत नाही.

नोंदणीचे पैसे बंद करा आणि पोरापोरींच्या हाती पावती पुस्तक द्या. वर्गणी गावाला नवी नाही. भागवत सप्ताह असो की गणपती, माणूस खिशात हात घालतोच. पावती मिळावी आणि माइकवर नाव पुकारावं, एवढंच त्याचं म्हणणं. पोरीनं मामाला, किराणावाल्याला, गुरुजींना विचारावं, ‘‘मी वीस किलोमीटर चालवणार, किलोमीटरमागं किती देता?’’ दोन रुपये म्हटले तरी चाळीस झाले. शिवाय ती ज्या घरी गेली त्या घराला फेरीचा दिवस कळला, आणि पैसे दिलेला माणूस आपली पोरगी किती चालवते ते बघायला रस्त्यावर येणारच. पैसा कशाला जाणार, तेही पावतीवर छापा. ‘आरोग्यविषयक जनजागृती’ असलं मोघम नको. रक्त चढवायला लेकराला घेऊन जिल्ह्याच्या दवाखान्यात जाणाऱ्या मायबापाचं गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी, असं लिहा. सिकलसेल काय असतो ते इथं समजावून सांगावं लागत नाही, कोणाच्या ना कोणाच्या नात्यात तो आहे. (आजारी लेकरांना मात्र फोटोसाठी सायकलवर बसवू नका. दम लागला, पाणी कमी पडलं की त्यांचं अंगअंग दुखायला लागतं.)

वेळेचं तर विचारूच नका. पहाटे साडेपाचला फेरी! शहरातल्या क्लबांना ते बरं वाटत असेल. ब्रह्मपुरी वनविभागात वाघाचे हल्ले आपणच छापता. अंधारात जंगलाच्या रस्त्यानं पोरगी कोण पाठवील? आठनंतर निघा. दिवस निवडताना धानाकडेही बघा. कापणी चालू असताना अख्खं गाव बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात असतं. पुंजणे चुरून, म्हणजे रचलेल्या धानाची मळणी होऊन, धान घरी आलं की २६ जानेवारी येते. झेंडावंदनाला गाव आपसूक शाळेपुढं जमलेलं असतं, तिथूनच फेरी काढावी.

आदल्या दिवशी शाळेच्या आवारात सायकली फुकट तपासून द्या, यासारखी दुसरी जाहिरात नाही. बाभळीचा काटा टायरात मोडून बसतो. नुसती ट्यूब जोडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा पंक्चर. टायरच्या आतून बोट फिरवून तो काटा शोधावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यात पोरगी उभी असते, तिला फेरीचं सांगता येतं. मी आणि शेजारच्या गावचे दोघं मिस्त्री मजुरी घेणार नाही. ब्रेकच्या वायरी, रबर आणि सोल्युशन आयोजकांनी आणावं. टी-शर्ट छापले नाहीत तर तेवढे पैसे सहज निघतील.

पुढच्या फेरीची बैठक तालुक्याच्या हॉटेलात न घेता एखाद्या गावच्या शाळेत घ्यावी. दुपारची ठेवली तर आम्हालाही येता येईल, सकाळी शाळेच्या वेळेला दुकान बंद ठेवून जमत नाही.

आपला,
एक सायकल मिस्त्री
ता. नागभीड, जि. चंद्रपूर