स्लॉट मिळाला, ओलाव्याचे काय?

महोदय,

सीसीआयची (भारतीय कापूस महामंडळाची) हमीभावाने होणारी कापूसखरेदी २०२५-२६च्या हंगामापासून 'कपास किसान' अ‍ॅपवर आली; माल आणायची तारीख म्हणजे स्लॉट तिथेच घ्यायचा. जिनिंगपुढची (सरकी काढण्याच्या कारखान्यापुढची) रात्रभराची रांग टळावी, हा हेतू चांगलाच. पण ई-पीक पाहणीत (शेतातल्या पिकाचा फोटो काढून मोबाइलवर करायच्या नोंदीत) कापूस नोंदलेला नसेल तर अ‍ॅपवरची नोंदणी तिथेच अडते. बांधावर रेंज नसली तरी फोटो तिथेच काढावा, गावात येऊन अपलोड करावा. चूक दिसल्यास ४८ तासांत दुरुस्त करावी. आधारला जोडलेला मोबाइल नंबरही चालू हवा, नाहीतर ओटीपी बंद सिमवर जातो.

खरी गोम ओलाव्यात आहे आणि ती अ‍ॅपला कळत नाही. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे टक्क्यामागे कपात, १२च्या वर गाडी परत. वेचणी किलोवर असते, त्यामुळे दव असतानाच वेचण्याकडे कल (वजन भरते ना!). असा कापूस दोन-तीन उन्हे दिल्याशिवाय स्लॉट घेऊ नये. गंजीच्या पोटातला कापूसही पसरावा, कारण वरून तो कोरडाच वाटतो. गाडी परत आली की भाडे गेले आणि स्लॉटही.

बाजार समित्यांनी मोठ्या गावांत एकेक ओलावामापक ठेवावा. माल तपासूनच शेतकरी तारीख घेईल.

– एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ