अल महा मुक्काम : सभासदांसाठी सूचना

सप्रेम नमस्कार. दुबईच्या वाळवंटातील अल महा रिसॉर्टला येणाऱ्या सर्वांनी कृपया वाचावे.

रिसॉर्ट सुमारे २२५ चौ. किमीच्या राखीव क्षेत्रात आहे. स्वतःची गाडी तिथे फिरवता येत नाही; सफारी मार्गदर्शकासोबतच होईल.

अरबी ओरिक्स (हरणासारखे दिसणारे वाळवंटी प्राणी) खोलीपुढच्या तलावावर पाणी प्यायला येतात. पांढरेशुभ्र अंग, लांब टोकदार शिंगे. चपातीचा तुकडासुद्धा घालू नका, सेल्फीसाठी जवळ जाऊ नका. मुलांना आधीच समजावून सांगा. १९७२ मध्ये हा प्राणी रानातून नामशेष झाला होता. प्राणिसंग्रहालयांत जगवलेल्या जनावरांपासून तो पुन्हा वाळवंटात आणला गेला. त्याला आपल्यामुळे त्रास व्हायला नकोच.

हिवाळ्यात पहाटे चांगलाच गारठा असतो, स्वेटर आणावा.